गादीखालचा बोर्ड : वसतिगृहातल्या वायरिंगच्या प्रकल्प नोंदी, सांगली

९ डिसेंबर

पहाटे साडेपाचला वास आला. आधी वाटलं, खाली वॉचमनच्या शेकोटीत कुणीतरी प्लास्टिक टाकलंय. मग खोलीतच धूर दिसला. माझ्या रूममेटच्या गादीचा कोपरा आतून धुमसत होता. जाळ नव्हता, नुसता कापूस लाल होत चालला होता. ती बादलीशी उभी होती, पाण्यात रॉड टाकलेला. रॉडची पिन एक्स्टेंशन बोर्डात, बोर्ड गादीखाली, उरलेली वायर कॉटच्या पायाला गुंडाळलेली. तिने तीच बादली उचलली. मी ओरडले, "पाणी नको, आधी बटण बंद कर!" भिंतीवरचं बटण बंद केलं, पिन उपटली, गादी ओढत व्हरांड्यात नेली आणि मग तिच्यावर पाणी ओतलं. गादीला तळहाताएवढं भोक पडलंय. तिच्या बोटाला चटका बसला, बाकी काही नाही.

बोर्ड गादीखाली होता, कारण तपासणीत सापडला की जप्त होतो. गेल्या वर्षी तिचा एक गेलाय. म्हणून या वर्षी लपवला. दिवसभर माझ्या डोक्यातून हे जात नाही.

मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, इलेक्ट्रिकलला. मला आणि माझ्या मैत्रिणीला मिळून प्रकल्पासाठी स्वयंचलित पथदिव्यांचा विषय मिळालाय. उद्या सरांना विचारणार, विषय बदलून देता का.

१२ डिसेंबर

सर हो म्हणाले. अट एकच : नोंदवही ठेवायची, जे मोजलं तेच लिहायचं, ऐकीव लिहायचं नाही.

आज जळालेला बोर्ड प्रयोगशाळेत उघडला. गणपती पेठेतून दीडशे रुपयांत घेतलेला, पाच सॉकेटचा. वर ना आयएसआयचा शिक्का, ना किती अँपिअरचा ते लिहिलेलं. मागचे चार स्क्रू काढले. आतल्या पट्ट्या पितळेसारख्या पिवळ्या दिसत होत्या. मैत्रिणीने सहज चुंबक लावून पाहिला, तो चिकटला. म्हणजे पट्टी लोखंडाची आणि वर मुलामा.

वायरचं टोक सोलून तारा मोजल्या. ०.७५ चौरस मिमीच्या चांगल्या लवचीक वायरीत ०.२ मिमी जाडीच्या २४ तारा असतात. या वायरीत तशाच १४ निघाल्या, म्हणजे साधारण ०.४४ चौरस मिमी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सॉकेटला भोकं तीन, पण वायरीच्या आत वेगवेगळ्या आवरणांचे कोअर दोनच. अर्थिंगच्या, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणाऱ्या तारेच्या, भोकामागे काहीच नाही. तीन पिनांचा टॉप आत बसतो, आपल्याला वाटतं अर्थिंग आहे, आणि ते भोक फक्त शोभेचं!

जळालंय ते एकाच ठिकाणी, रॉडची पिन बसत होती तिथं. पाती ढिली होऊन पसरली होती. पिन आणि पातीचा स्पर्श जेवढा कमी, तेवढा तिथला रोध जास्त. उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. करंट तिप्पट झाला की नऊपट. त्या ढिल्या जागी फोनचा चार्जर वर्षभर लावला असता तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. रॉड लावला आणि दहा मिनिटांत प्लास्टिक वितळलं.

१७ डिसेंबर

मोजणी सुरू केली. पहिल्या दिवशी कुणीच दार उघडून काही दाखवेना. "तू मॅडमना सांगणार न्हाईस कशावरून?" हा एकच प्रश्न. बरोबरच आहे. मग आम्ही ठरवलं : वहीत खोलीचा नंबर लिहायचा नाही, फक्त विंग आणि मजला. तसं सांगितल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या एकीने कपाटामागून बोर्ड काढला, मग बाकीच्यांनीही काढले.

गादीखाली, कपाटामागे, कपड्यांच्या बॅगेत, एक तर ओल्या टॉवेलाखाली. एका खोलीत बोर्डात बोर्ड आणि त्यात तिसरा बोर्ड, दारापासून खिडकीपर्यंत साखळी. दोन पिनांचा चार्जर आत जावा म्हणून वरच्या भोकाचं शटर पेनाच्या रिफिलने दाबून धरायची युक्ती सगळ्यांना येते. मलाही येते, मी पहिल्या वर्षी हेच करायचे.

एका खोलीत मुली तीन आणि सॉकेट दोन, तीही दाराशेजारच्या स्विचबोर्डवर. टेबल खिडकीजवळ. एक्स्टेंशन न वापरता इथं अभ्यास होऊच शकत नाही, हे मला आता स्वच्छ लिहावंसं वाटतं.

२१ डिसेंबर

हिशेब. २३० व्होल्ट धरून.

तीन लॅपटॉप, प्रत्येकी ६५ वॉट. तीन फोन, प्रत्येकी २० वॉटच्या आसपास. एक टेबल फॅन ५५. एक अभ्यासाचा दिवा १०. सगळे मिळून ३२० वॉट, म्हणजे दीड अँपिअरसुद्धा नाही. साधा ६ अँपिअरचा, नीट बनवलेला एक बोर्ड हे सगळं आरामात पेलतो. सॉकेट सगळी भरली म्हणजे धोका, असं मीही समजत होते. तसं नाही.

पाणी तापवायचा रॉड १५०० वॉट, साडेसहा अँपिअर. किटली तेवढीच. इंडक्शन शेगडी २००० वॉट, ८.७ अँपिअर. इस्त्री १००० वॉट, ४.३ अँपिअर. यातली एक वस्तू बाकी सगळ्या खोलीपेक्षा भारी. उष्णता करणारी वस्तू बोर्डावर नको, थेट भिंतीतल्या १६ अँपिअरच्या पॉइंटवरच हवी. किटलीला जाड पिनांचा १६ अँपिअरचा टॉप कंपनीने उगाच दिलेला नसतो. तो बारीक सॉकेटात बसवायचा कन्व्हर्जन प्लग दुकानात चाळीस-पन्नास रुपयांत मिळतो, आणि तो घेतला की कंपनीने केलेली काळजी तिथंच संपते.

आमच्या विंगमध्ये १६ अँपिअरचा पॉइंट किती? एक. वॉटर कूलरचा.

५ जानेवारी

तापमानाचा प्रयोग, प्रयोगशाळेत, सर समोर. तशाच १४ तारांच्या वायरीचा नवीन बोर्ड आणला, रॉड बादलीत टाकला, वायरीला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, चिकटवला. खोलीचं तापमान २४ अंश. वायर जमिनीवर सरळ पसरलेली असताना अर्ध्या तासात ३६ वर जाऊन थांबली. तीच वायर गुंडाळून रबर बँड लावला आणि वर जुनी गादी टाकली, तर चाळीस मिनिटांत ६८ आणि अजून चढतच होती. सरांनी बंद करायला लावलं. वायरीवरचं साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतच्या कामासाठी असतं.

वायर तीच, रॉड तोच, फरक फक्त लपवण्याचा. हा आकडा मी रेक्टर मॅडमना दाखवणार आहे.

१९ जानेवारी

वायरमन काका आले. पासष्टीच्या पुढचे, सांगलीतल्या निम्म्या जुन्या वाड्यांचं वायरिंग त्यांच्या हातचं. त्यांनी आमच्या मजल्याचा डीबी, म्हणजे खोल्यांना वीज वाटणारी पेटी, उघडला आणि गप्पच झाले.

तीन खोल्यांचे दिवे, पंखे आणि सॉकेट एका सर्किटवर आहेत. भिंतीतली वायर तांब्याची, दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिमीची). पाइपातून जाणारी अशी वायर साधारण १३-१४ अँपिअर पेलते. तिच्यावर एमसीबी, म्हणजे करंट जादा झाला की आपोआप पडणारं बटण, हवी ६ची, फार तर १०ची. तिथं होती २०ची.

"काका, कुणी घातली?"

"म्या न्हाई घातली. पर मला सांगितलं असतं तर म्याबी घातली असती का न्हाई, काय सांगू पोरी. सहाची एमसीबी रोज पहाटं पडायची, पोरी बोंबलायच्या लाइट न्हाई म्हणून. मग कुणीतरी मोठी बसवली. पडायची थांबली."

मी खोलीवर आले तरी हाच हिशेब करत होते. तीन खोल्यांत पहाटे तीन रॉड, साडेसहा त्रिक साडेएकोणीस, वर पंखे-दिवे. २०ची एमसीबी पडणार नाही. प्रमाणच असं आहे की आपल्या आकड्याच्या १.१३ पट करंट, म्हणजे २२.६ अँपिअर, ती तासभर न पडता वाहू देते, आणि १.४५ पट झाला तरच तासाच्या आत पडायला बांधील असते. तेवढा वेळ भिंतीतली वायर आपल्या मर्यादेच्या दीडपट ओझं वाहते. ६ची एमसीबी मात्र दुसरा रॉड लागल्यावर काही मिनिटांत पडते. ती बिचारी रोज पहाटे खरं सांगत होती.

आणखी एक गोष्ट मला आजच नीट कळली. एमसीबी बरोबर असली तरी ती राखते भिंतीतल्या वायरीला. आपल्या बोर्डाच्या बारीक वायरीची काळजी तिला नसते. ०.४४ एमएमची वायर १० अँपिअरने भाजून निघाली तरी १०ची एमसीबी ढिम्म हलणार नाही. म्हणून ज्या बोर्डाला स्वतःचं ओव्हरलोडचं बटण असतं, तो बोर्ड घ्यायचा.

२ फेब्रुवारी

बी विंग. फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रलमध्ये (परत नेणारी तार) २३१ व्होल्ट. फेज आणि अर्थमध्येही तेवढेच यायला हवेत. आले ८४, आणि काटा हलत होता. म्हणजे अर्थिंगची तार कुठेतरी तुटून अधांतरी लोंबतेय. काका हिरव्या वायरीचा माग काढत खाली उतरले. विंगच्या मागे अर्थिंगची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पट्टी जमिनीत शिरते, नेमकी तिथंच गंजून तुटलेली. अर्थिंगच्या खड्ड्यावर कधीतरी पेव्हर बसवलेत, त्यामुळे उन्हाळ्यात तिथं कुणी पाणीही घालत नाही. आपली काळी माती, मार्चपासून हाताएवढ्या भेगा पडतात. कोरड्या खड्ड्याला अर्थिंग म्हणण्यात अर्थ नाही.

याच विंगमध्ये दोघी-तिघींनी महागाचे स्पाइक गार्ड घेतलेत. त्यांच्यावरचा अर्थिंगचा दिवा कधी लागलाच नव्हता. एकीला वाटलं, दिवा खराब आहे.

स्पाइक गार्ड कसा चालतो, ते मी मैत्रिणींना असं सांगितलं. आत जस्ताच्या ऑक्साइडची एक चकती असते, एमओव्ही. नेहमीच्या व्होल्टेजला ती बंद दार असते. व्होल्टेज एकदम उसळलं की क्षणात उघडते आणि जादा लोट बाजूला वळवते. धरणाच्या सांडव्यासारखं. कोयनेचं पाणी सांडव्यावरून सोडलं तर ते न्यायला खाली नदी लागते. तशी इथं अर्थिंग लागते. फेज आणि न्यूट्रलमधली चकती अर्थिंगशिवायही थोडं काम करते, पण अर्थकडे जाणाऱ्या दोन चकत्या निव्वळ बसून राहतात. आणि प्रत्येक झटक्याला चकती थोडी थोडी झिजते. ज्यूलचा आकडा लिहितात तो तिच्या ताकदीचा. संरक्षणाचा दिवा विझला की तो साधा बोर्ड उरतो, मग कितीही महाग असो. कमी व्होल्टेजवर त्याचा काडीचा उपयोग नाही. तो स्टॅबिलायझर नव्हे.

९ फेब्रुवारी

रेक्टर मॅडमसमोर बसलो. जळालेला बोर्ड, तापमानाचा तक्ता आणि डीबीचे फोटो टेबलावर ठेवले. त्या आधी रागावल्या : "म्हणजे नियम मोडून सगळ्यांनी बोर्ड आणलेत, हेच सांगायला आलात का?" मी म्हटलं, "मॅडम, बोर्ड उघड्यावर असता तर ३६ अंश. लपवल्यामुळे ६८." त्यांनी तो तक्ता दोनदा वाचला. मग हळू आवाजात विचारलं, "गादी कुणाची होती? बरी आहे ना ती?"

नंतर खरा प्रश्न निघाला. रॉड का लागतो? गच्चीवर सोलर आहे, पण पहाटे सहाच्या आत तळमजल्यावरच्या मुलींमध्येच गरम पाणी संपतं. दुसऱ्या मजल्यावर नळाला येतं ते गारच. परीक्षेच्या दिवसांत थंडीत केस धुवायचे तर मुलगी दुसरं काय करणार? वायरिंगचा प्रकल्प घेऊन आम्ही नळाच्या व्हॉल्व्हपाशी पोचलो. मला हे अनपेक्षित होतं आणि फार महत्त्वाचं वाटतं.

मॅडमनी विश्वस्तांसाठी पत्र लिहायला सांगितलं. मागण्या : दर मजल्याला एक २५ लिटरचा गीझर, त्याला डीबीपासून वेगळी ४ एमएमची लाइन, पॅसेजमध्ये किटली आणि इस्त्रीसाठी १६ अँपिअरचे दोन पॉइंट, बी विंगचं अर्थिंग नव्याने, सगळ्या मजल्यांना ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट कुठे गळला की वीज तोडणारं बटण), आणि एमसीबी परत मूळ आकड्यावर. बोर्ड जप्त करायचा नियम जाऊन त्याच्या जागी तपासलेल्या बोर्डावर चिकटपट्टी, तारीख आणि सही.

१० मार्च

मधल्या महिन्यात लिहिण्यासारखं काही घडलं नाही, नुसत्या फेऱ्या. आज आरसीसीबी बसल्या.

पहिल्याच संध्याकाळी ए विंगची तीनदा पडली. मुली चिडल्या, "आधीचंच बरं होतं" वगैरे. काकांनी एकेक वस्तू काढायला लावली आणि सापडली एक जुनी इस्त्री. जिची होती ती म्हणाली, "हात लावला की मुंग्या येतात, म्हणून मी चप्पल घालूनच इस्त्री करते." दोन वर्षं! आतलं एलिमेंट गळत होतं. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला नाही, तेवढा फरक आरसीसीबीने ओळखला. एमसीबीला हे कधीच कळलं नसतं. उलट जादा लोड किंवा फेज-न्यूट्रल शॉर्ट आरसीसीबीला कळत नाही, म्हणून दोन्ही हव्यात. तिच्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं, ते काम मजल्याच्या प्रतिनिधीकडे दिलंय.

२२ मार्च

बोर्ड खरेदी. मुलींनी वर्गणी काढली, निम्मे पैसे वसतिगृहाने दिले. दुकानात आम्ही दोघी आणि काका. पाहिलं ते एवढंच : आयएसआयचा शिक्का आणि त्याखालचा परवाना क्रमांक, वायर तीन कोअरची, निदान एक एमएमची, प्रत्येक सॉकेटला पिन घट्ट धरते का, ओव्हरलोडचं बटण, वायर दीड-दोन मीटरच, म्हणजे गुंडाळायला उरणार नाही. दुकानदाराने नमुन्याचा एक बोर्ड उघडू दिला, पट्टी पितळी निघाली. स्पाइक गार्ड फक्त वाचनालयातल्या संगणकांसाठी आणि ऑफिससाठी घेतले. फोनच्या चार्जरसाठी त्याच्यावर पैसे घालवायची गरज नाही.

बोर्ड टेबलाच्या बाजूला, जमिनीपासून वर, स्क्रूने बसवले. कॉटपासून, पडद्यापासून लांब.

१४ एप्रिल

बी विंगच्या नव्या खड्ड्याचा रोध काकांनी अर्थ टेस्टरने मोजला, ४ ओहमच्या आत आला. पेव्हर काढून वर झाकण बसवलंय, माळीमामा आठवड्याला दोन बादल्या पाणी घालतात. ज्या स्पाइक गार्डांचे दिवे कधी लागले नव्हते ते लागले. मुली ते बघायला जमल्या होत्या.

३० एप्रिल

काल संध्याकाळी वळीव. मिरजेच्या बाजूने आभाळ भरून आलं आणि अर्ध्या तासात कडकडाट. लाइट गेली, आली, परत गेली. सकाळी वाचनालयात पाहिलं तर एका स्पाइक गार्डचा संरक्षणाचा दिवा विझलेला. संगणक चालू. चकतीने आपलं काम केलं आणि संपली. तो गार्ड बदलला.

पण हॉलमधला टीव्ही गेला. तोही स्पाइक गार्डवरच होता. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला रडू यायचं बाकी होतं. काकांनी सेट टॉप बॉक्सची मागची बाजू दाखवली, केबल जिथं शिरते ती जागा काळी पडलेली. लोट विजेच्या वायरीतून आलाच नव्हता, गच्चीवरून लोंबत आलेल्या केबलमधून आला. दाराला कुलूप लावलं आणि खिडकी उघडी राहिली. जवळ वीज कोसळली तर कुठलाच गार्ड पुरा पडत नाही. ढग गडगडायला लागले की पिन आणि केबल दोन्ही काढायच्या, हे मी मुलींसाठी काढलेल्या सूचनांच्या पत्रकात लिहिलंच नव्हतं. आज हॉलच्या दारावर लिहून लावलं.

१८ मे

परीक्षा संपल्या, खोल्या रिकाम्या होताहेत. जाता जाता मुलींनी जुने बोर्ड आणून टाकले, दोन पोती भरली. ते भंगारात तसेच जाऊ नयेत, कुणीतरी पुन्हा विकेल, म्हणून आम्ही दोघींनी बसून सगळ्यांच्या वायरी कापल्या. माझ्या रूममेटने तिचा सगळ्यात शेवटी दिला. नवीन गादीखालून काढला नव्हता, खिडकीत ठेवला होता.

एक काम राहिलंय. तळमजल्याच्या खोल्यांतली सॉकेट गुडघ्याच्या उंचीवर आहेत. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. तेव्हा इथं कमरेएवढं पाणी होतं, असं वॉचमन सांगतात. काका म्हणाले, पुरात बुडालेली सॉकेट त्या वेळी वाळवून परत वापरात घेतली. आज एक उघडून पाहिलं, आत अजून गाळ आहे आणि पट्ट्या हिरव्या पडल्यात. बुडालेलं सॉकेट किंवा बोर्ड वाळवून वापरायचा नसतो, फेकायचा असतो. सगळी काढून छातीच्या उंचीवर नवीन बसवायची, आणि तळमजल्याचं सर्किट वरच्या मजल्यांपासून वेगळं करायचं, म्हणजे पाणी चढायच्या आत तेवढंच बंद करता येईल. विश्वस्तांची मंजुरी कालच आली. जूनमध्ये मुली परतायच्या आत व्हायला हवं. काका मंगळवारपासून येताहेत, मी आणि मैत्रीण आठवडाभर सांगलीतच थांबतोय.